तलवारीवरचा गुलाबी ठिपका

समजा, एक जादूगार आपल्या खोलीत वाचत बसलाय. दार मोडून एक सैनिक आत घुसतो, तलवार उपसलेली. जादूगार ना आगीचा गोळा फेकतो, ना भिंत उभी करतो. तो काहीतरी पुटपुटतो आणि तलवारीच्या पात्यावर टिकलीएवढा गुलाबी ठिपका उमटतो. बस्स, एवढंच. सैनिक जीव खाऊन वार करतो आणि तलवार जादूगाराच्या कातडीला टेकायच्या आतच अडते.

हा प्रकार ‘आर्स मॅजिका’ या खेळातला. 1987 साली जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांनी रचलेला हा खेळ तेराव्या शतकातल्या, जादूने भरलेल्या युरोपात घडतो. चारपाच जण टेबलाभोवती कोंडाळं करून बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो, एक जण उरलेलं सगळं जग चालवतो, आणि जिथे निकाल लागत नाही तिथे फासे टाकतात. या खेळाच्या 2004 सालच्या पाचव्या आवृत्तीतली ही पळवाट खेळाडूंमध्ये ‘पिंक डॉट’ म्हणूनच प्रसिद्ध आहे.

पळवाट निघते कुठून? यातल्या जादूगारांभोवती ‘पार्मा मॅजिका’ नावाचं अदृश्य कवच असतं. पार्मा म्हणजे रोमन लोकांची छोटी गोल ढाल. नियम असा की मंत्र, किंवा मंत्राच्या अमलाखाली असलेली कुठलीही वस्तू, या कवचापाशी आली की तिला कवचाच्या जोरावर मात करावी लागते. साध्या लोखंडाला मात्र कवच विचारतसुद्धा नाही, ते सरळ आत जातं. आता ठिपका पाहा. त्याचा मंत्र अगदीच दुबळा, पण तो बसल्याबरोबर ती तलवार मंत्राखालची वस्तू झाली. दुबळा मंत्र कवच भेदू शकत नाही, म्हणून ठिपका अडला आणि ठिपक्यापायी अख्खी तलवार!

पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी हसलो, आणि लगेच म्हटलं, यात काय, नियम दुरुस्त करू. कवचाने वस्तू अडवायचीच नाही, तिच्यावरचा मंत्र तेवढा पुसायचा. ठिपका गेला, तलवार लागली, न्याय झाला. पण मग मंत्राने अवजड केलेला भाला अंगाला लागता लागता पुन्हा हलका होणार का? आणि मंत्रानेच हवेतून घडवलेल्या तलवारीचं काय? तिच्यात पुसण्यासारखा मंत्र आणि उरण्यासारखं लोखंड असं वेगळं काही नाहीच. एक भोक बुजवायला गेलो तर शेजारी दोन पडली. मूळ नियम वेंधळेपणाने लिहिलेला नव्हता, हे तेव्हा कुठे ध्यानात आलं.

बचावाच्या जादूचं हे असंच असतं. हल्ल्याचा मंत्र जास्त झाला तर राक्षस लवकर मरतो, लोक टाळ्या वाजवतात. बचाव जास्त झाला की टेबलावर ‘चुकला, चुकला, परत चुकला’ एवढंच ऐकू येत राहतं आणि कुणीतरी चहा करायला उठतं.

यामागचं गणित तर आणखी चमत्कारिक आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या 1974 सालच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून ही सगळी खेळजात सुरू झाली. त्याच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत ‘शील्ड’ नावाचा अगदी पहिल्या पायरीचा मंत्र आहे. वार लागला हे कळल्यावर, त्या क्षणी, तो टाकता येतो आणि आपल्या पुढच्या पाळीपर्यंत आर्मर क्लास, म्हणजे आपल्याला मारायला लागणारा आकडा, 5 ने वाढतो.

समोर गॉब्लिन नावाचा राक्षस आहे. तो वीस पैलूंचा फासा टाकतो, त्यात 4 मिळवतो. बिनचिलखती जादूगाराचा आकडा 12 धरू. गॉब्लिनला फाशावर 8 किंवा जास्त हवं, म्हणजे वीसपैकी 13 पैलू त्याचे. ‘शील्ड’ लागली की आकडा 17 होतो आणि त्याचे पैलू उरतात 8. आता हाच मंत्र शिकलेला, पोलादी चिलखत घालून हातात खरीखुरी ढाल धरलेला योद्धा घ्या. त्याचा आकडा मुळातच 20, म्हणजे गॉब्लिनचे पैलू 5. मंत्र टाकला की आकडा 25. त्यासाठी फाशावर 21 पडायला हवेत, आणि तसा पैलूच नाही! 20 पडले तर वार लागतोच, या नियमाने एक पैलू तेवढा वाचतो.

मंत्र तोच, खर्च तोच. पण पहिल्याला लागणारे वार 13 वरून 8 वर आले, दुसऱ्याला लागणारे 5 वरून 1 वर. नाजूक माणसाला वाचवायला केलेली वस्तू प्रमाणात धडधाकटालाच जास्त फळली. सरळसाध्या बेरजेत एवढी विषमता दडून बसलेली असते, याचं मला अजूनही नवल वाटतं.

याच खेळाच्या 2003 च्या साडेतीनव्या आवृत्तीत याला साधा अटकाव होता: मंत्राने मिळणारे 4 हे ‘ढालीचे’ म्हणून नोंदलेले, त्यामुळे हातात खरी ढाल असेल तर दोन्ही एकत्र मोजायचे नाहीत. ‘पाथफाइंडर’ या खेळाच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीने वाढ फक्त 1 ची ठेवली आणि किंमत वेळात लावली. पाळीतल्या तीन कृतींपैकी एक मंत्राला द्यायची. त्या ढालीवर एखादा घाव झेललात, तर दहा मिनिटं ती पुन्हा उभी राहत नाही. कायमची कवचकुंडलं कथेला परवडत नाहीत. कर्णाची काढून घ्यायला खुद्द इंद्राला याचक व्हावं लागलं.

पार्माही कायमची नाही. सूर्योदय किंवा सूर्यास्त झाला की ती उतरते, पुन्हा विधी करावा लागतो. तरीही त्या जगात तिचं मोल मोठं. तिच्या आधी एक जादूगार दुसऱ्याच्या जवळ जायलाही धजत नसे. बोनिसागस नावाच्या जादूगाराने ती शोधली, तेव्हा कुठे ते एका छपराखाली राहू लागले आणि त्यांचा संघ उभा राहिला.

आपला सैनिक अजून खोलीतच आहे. तो ठिपक्याकडे बघतो, तलवार खाली टाकतो आणि औषधं कुटायच्या खलातला बत्ता उचलतो.