विश्लेषण : अपडेटनंतर लॅपटॉपचा कीबोर्ड अचानक बंद का पडतो? नवा बसवण्याआधी काय तपासाल?

रात्री लॅपटॉप ‘अपडेट अँड शटडाउन’ करून बंद केला आणि सकाळी पासवर्ड टाकायला गेलो तर एकही कळ चालत नाही, अशी तक्रार घेऊन दुरुस्तीच्या दुकानात येणारे ग्राहक कमी नाहीत. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि त्या सुमारास अनेकांनी आपले जुने लॅपटॉप विंडोज ११ वर नेले. अशा बदलानंतर कीबोर्ड बंद पडला, की पहिला संशय कीबोर्डवरच येतो आणि तो बदलण्याचा सल्ला दिला जातो. आजच्या बहुतांश लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या पॅनेलला पक्का बसवलेला असल्याने हे काम खर्चिक ठरते. मात्र अपडेटनंतर लगेच बंद पडलेला कीबोर्ड अनेकदा शाबूत असतो. बिघडलेला असतो तो त्याचा आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा संवाद. हा फरक ओळखण्याची चाचणी घरीच, फुकटात आणि काही मिनिटांत करता येते.

कीबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांचा संबंध काय?

कळ दाबली की अक्षर थेट स्क्रीनवर जात नाही. कीबोर्डखालच्या सर्किटमधून आलेला संकेत लॅपटॉपमधील ‘एम्बेडेड कंट्रोलर’ नावाची एक छोटी चिप वाचते. चार्जिंग, पंखा, पॉवर बटण यांची देखरेखही बहुतेक वेळा हीच चिप करते. ती प्रोसेसरला ‘कळ दाबली गेली’ असा इशारा देते. या इशाऱ्याला ‘इंटरप्ट’ म्हणतात. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टिममधील ड्रायव्हर हा छोटा प्रोग्राम कळेचा क्रमांक वाचतो आणि निवडलेल्या भाषेनुसार त्याचे अक्षर होते.

ही व्यवस्था बरीच जुनी आहे. आयबीएमने १९८४ मध्ये आणलेल्या ‘पीसी एटी’ संगणकात कीबोर्डसाठी इंटेलची ८०४२ ही चिप होती. ती चिप आज स्वतंत्रपणे दिसत नाही, पण अनेक लॅपटॉपमधला एम्बेडेड कंट्रोलर अजूनही तिचीच नक्कल करतो. विंडोजमधील संबंधित ड्रायव्हरच्या नावातही ‘८०४२’ हा आकडा कायम आहे. म्हणजे चार दशकांपूर्वीची पद्धत, लॅपटॉप कंपनीचे फर्मवेअर आणि ताजी ऑपरेटिंग सिस्टिम या तिघांचे जमले तरच कळ चालते. अपडेटमध्ये यातला एक दुवा बदलला, की गोंधळाला जागा होते.

टचपॅड चालतो, मग कीबोर्डच बिघडला असेल ना?

असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये टचपॅड वेगळ्या मार्गाने जोडलेला असतो आणि त्याचा ड्रायव्हरही वेगळा असतो. त्यामुळे टचपॅड सुरळीत आणि कीबोर्ड ठप्प, हे चित्र निव्वळ सॉफ्टवेअरच्या चुकीमुळेही दिसू शकते. यूएसबी कीबोर्ड लावल्यावर तो चालला, तरी त्यावरून लॅपटॉपचा कीबोर्ड खराब आहे हे सिद्ध होत नाही. यूएसबीचा मार्गही निराळाच असतो.

यापूर्वी असे कधी घडले आहे?

ऑक्टोबर २०१८ मध्ये एचपीच्या काही लॅपटॉप आणि संगणकांवर विंडोज १० ची अपडेट्स आल्यानंतर निळा स्क्रीन येऊन यंत्र सुरूच होईना. कारण ठरला एचपीच्या कीबोर्डचा ११.०.३.१ या आवृत्तीचा ड्रायव्हर. तो विंडोज अपडेटमार्फत यंत्रांवर पोहोचला होता. मायक्रोसॉफ्टने तो मागे घेतला आणि ज्या यंत्रांवर तो आधीच गेला होता, तिथून काढण्यासाठी स्वतंत्र अपडेट दिले.

ताजे उदाहरण ऑक्टोबर २०२५ मधले आहे. ज्या १४ तारखेला विंडोज १० चा नियमित आधार संपला, त्याच दिवशी आलेल्या विंडोज ११ च्या ‘केबी ५०६६८३५’ या अपडेटनंतर ‘रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट’मध्ये यूएसबी कीबोर्ड आणि माऊस चालेनासे झाले. नेहमीच्या विंडोजमध्ये ते व्यवस्थित चालत होते. पण यंत्र अडचणीत आल्यावर जिथे जायचे, त्या दुरुस्तीच्या खोलीतच हात बांधले गेले. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला तातडीचे ‘केबी ५०७०७७३’ हे अपडेट देऊन चूक दुरुस्त केली.

लिनक्स वापरणारेही यातून सुटलेले नाहीत. एएमडीच्या रायझन प्रोसेसरचे काही नवे लॅपटॉप २०२२ मध्ये बाजारात आले, तेव्हा लिनक्सवर त्यांचा कीबोर्ड चालत नव्हता. लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये कीबोर्डच्या इंटरप्टची जी माहिती होती, ती बाजूला सारून लिनक्स जुन्या गृहीतकावर चालत होते. हे गृहीतक एएमडीच्या यंत्रांसाठी सोडून देण्यात आले, तर काही कीबोर्ड सुरू झाले आणि लेनोव्होच्या एका मॉडेलसह इतर काहींचे बंद पडले. शेवटी लिनक्सच्या गाभ्यात मॉडेलच्या नावांची अपवाद-यादीच ठेवावी लागली. यातल्या एकाही लॅपटॉपचा कीबोर्ड तुटलेला नव्हता.

बिघाड कुठे आहे, हे कसे ओळखायचे?

यासाठी सर्वात उपयोगी चाचणी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाहेर जाऊन कीबोर्ड तपासणे. लॅपटॉप पूर्ण बंद करा. पॉवर बटण दाबताच एफ-२ वारंवार दाबत राहा. काही कंपन्यांत हीच कळ एफ-१०, एफ-१, एस्केप किंवा डिलीट असते. निळ्या किंवा काळ्या रंगाचा बायोसचा मेन्यू उघडला आणि त्यात बाणांच्या कळांनी वर-खाली जाता आले, तर कीबोर्ड आणि त्याची वायर ठीक आहे. कारण इथे विंडोज अजून सुरूच झालेली नसते. अशा वेळी कीबोर्ड बदलून काही उपयोग होणार नाही. दोष विंडोजमध्ये शोधावा लागेल.

मेन्यू उघडलाच नाही, तर माऊसने सेटिंग्ज > सिस्टिम > रिकव्हरी > अॅडव्हान्स्ड स्टार्टअप > रीस्टार्ट नाऊ या मार्गाने जाऊन पुढे ट्रबलशूट > अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ निवडा. तिथेही एकही कळ चालली नाही, तर एम्बेडेड कंट्रोलर अडकलेला असू शकतो किंवा कीबोर्ड खरोखर निकामी झालेला असू शकतो. विंडोज अपडेटमधून कधी कधी लॅपटॉप कंपनीचे फर्मवेअरही बदलते, हेही लक्षात ठेवावे. फक्त ठरावीक चार-पाच कळाच बंद असतील किंवा अलीकडे कीबोर्डवर चहा-पाणी सांडले असेल, तर मात्र अपडेट हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता अधिक.

घरच्या घरी काय करून पाहता येईल?

सोप्यापासून सुरुवात करावी.

१. ‘शटडाउन’ नव्हे, ‘रीस्टार्ट’ करा. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असेल, तर शटडाउन करताना सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत आणला जातो. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर तसाच परत येतो. रीस्टार्टमध्ये सारे नव्याने सुरू होते.

२. एम्बेडेड कंट्रोलरला ताजे करा. लॅपटॉप बंद करून चार्जर आणि जोडलेली सर्व उपकरणे काढा. पॉवर बटण १५ ते ३० सेकंद दाबून धरा. मग चार्जर लावून यंत्र सुरू करा.

३. पासवर्डसाठी ऑन-स्क्रीन कीबोर्ड वापरा. लॉगिन स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातील अॅक्सेसिबिलिटीच्या चिन्हावर माऊसने क्लिक केल्यास तो मिळतो.

४. ‘फिल्टर कीज’ सुरू नाही ना, ते पाहा. उजवीकडची शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून राहिली, तर ही सुविधा सुरू होऊ शकते. मग पटकन दाबलेली कळ विंडोज मोजतच नाही आणि कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. सेटिंग्ज > अॅक्सेसिबिलिटी > कीबोर्ड इथे ती बंद करता येते. मॅकवर ‘स्लो कीज’ हा याच प्रकारचा पर्याय आहे.

५. ड्रायव्हर नव्याने बसू द्या. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘कीबोर्ड्स’खाली लॅपटॉपच्या कीबोर्डवर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडा आणि रीस्टार्ट करा. विंडोज ड्रायव्हर स्वतः परत बसवते. त्यानंतर लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून आपल्या नेमक्या मॉडेलचा कीबोर्ड किंवा चिपसेटचा ड्रायव्हर घ्यावा.

६. कळांची अदलाबदल करणारे, गेमिंगचे किंवा जुने सुरक्षा सॉफ्टवेअर काढून पाहा. असे प्रोग्राम कीबोर्ड आणि विंडोज यांच्या मध्ये आपला ‘फिल्टर ड्रायव्हर’ बसवतात. अपग्रेडनंतर तो नव्या आवृत्तीत चालला नाही, तर पूर्ण कीबोर्डच थांबतो.

७. एवढे करूनही फरक पडला नाही, तर मागे फिरा. सेटिंग्ज > विंडोज अपडेट > अपडेट हिस्टरी > अनइन्स्टॉल अपडेट्स इथून नुकतेच आलेले अपडेट काढता येते. विंडोजची पूर्ण आवृत्ती बदलली असेल, तर रिकव्हरीतील ‘गो बॅक’ हा पर्याय सामान्यतः दहा दिवसच उपलब्ध असतो. त्यामुळे आठवडाभर वाट पाहत बसू नये.

मराठी टाइप करणाऱ्यांनी वेगळे काय पाहावे?

काही वेळा कीबोर्ड चालू असतो, पण पासवर्ड चुकीचा ठरतो. अपग्रेडनंतर भाषांचा क्रम बदलला आणि लॉगिन स्क्रीनवर मराठी लेआउट निवडलेला असला, तर इंग्रजी समजून दाबलेल्या कळांमधून देवनागरी अक्षरे जातात. पासवर्डच्या रकान्यात फक्त ठिपके दिसत असल्याने हे लक्षात येत नाही. कोपऱ्यातील भाषेचे चिन्ह पाहावे किंवा विंडोज आणि स्पेस या कळा एकत्र दाबून भाषा बदलावी.

सरकारी कार्यालये, छापखाने आणि डीटीपी केंद्रांत पुण्यातील सी-डॅकचे आयएसएम आणि त्यासोबतचे ‘योगेश’सारखे फॉन्ट वर्षानुवर्षे वापरले गेले. अशा सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या नव्या विंडोजवर चालतीलच असे नाही. त्यामुळे इंग्रजी नीट उमटते आणि मराठी उमटत नाही, अशी स्थिती असेल तर कीबोर्डला हात लावण्याची गरज नाही. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी फोनेटिक कीबोर्ड देण्यात आले आहेत. नवे सॉफ्टवेअर मिळेपर्यंत युनिकोडमधील काम त्यावर भागवता येते. जुन्या फॉन्टमधल्या फाइलींसाठी मात्र जुने यंत्र काही दिवस तसेच ठेवलेले बरे.

दुरुस्ती करताना धोका कशाचा?

पहिला धोका ‘बिटलॉकर’चा. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि बायोस किंवा रिकव्हरीत बदल केल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती नसेल, तर कीबोर्ड दुरुस्त होईल पण फोटो, प्रोजेक्ट आणि हिशेब हाती लागणार नाहीत. ही की बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. वरच्या चाचण्यांना हात घालण्याआधी मोबाइलवरून त्या खात्यात लॉगिन करून ती लिहून घ्यावी.

दुसरा धोका फसवणुकीचा. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ म्हणून दिसणारा प्रत्येक क्रमांक खरा नसतो. दूरवरून यंत्राचा ताबा मागणाऱ्या किंवा ‘ड्रायव्हर अपडेटर’ विकत घ्यायला लावणाऱ्यांपासून सावध राहावे. क्रमांक कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा वॉरंटीच्या कागदावरूनच घ्यावा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी.

पुढच्या अपडेटआधी कोणती तयारी हवी?

परीक्षा, सबमिशन किंवा रिटर्न भरण्याच्या आदल्या रात्री मोठे अपग्रेड करू नये. विंडोज ११ मध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येते. पण सुरक्षेच्या दृष्टीने ते कायमचे टाळणे योग्य नाही. महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप, बिटलॉकरची की आणि एक साधा यूएसबी कीबोर्ड एवढे जवळ असले, तरी बहुतेक अडचणी निभावून नेता येतात.

आणि दुकानात जावेच लागले, तर ‘कीबोर्ड बदलून द्या’ असे सांगू नका. ‘अपडेटनंतर बंद पडला, बायोसमध्ये चालतो’ किंवा ‘बायोसमध्येही चालत नाही’, यांपैकी जे खरे असेल ते सांगा. दुरुस्ती कुठून सुरू करायची आणि खर्च कशावर करायचा, हे त्या एका वाक्यावरून ठरते.