आठवण पक्की व्हायला किती वेळ लागतो?

डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेला माणूस शुद्धीवर आल्यावर आपले नाव, गाव बरोबर सांगतो. पण अपघातापूर्वीची काही मिनिटे त्याला बरेचदा आठवत नाहीत. जुने शाबूत आणि ताजे तेवढे गेले, असे का?

अमेरिकेतील कार्ल डंकन यांनी १९४९ साली यावर पांढऱ्या उंदरांचा प्रयोग प्रसिद्ध केला. दिवा लागताच १० सेकंदांत शेजारच्या खणात पळायचे, नाहीतर पायांना चटका, एवढेच उंदरांना शिकायचे होते. रोज एक धडा, असे १८ दिवस. प्रत्येक धड्यानंतर डोक्यातून आकडी येईल असा विजेचा झटका. कोणाला २० सेकंदांनी, कोणाला १५ मिनिटांनी, कोणाला १४ तासांनी. २० सेकंदांनी झटका बसलेले उंदीर फारच थोडे शिकले. तासाभरानंतर झटका बसलेले मात्र इतर उंदरांइतकेच शिकले.

कोल्हापूरकरांना गुऱ्हाळाचे उदाहरण पुरे. वाफ्यातला गरम पाक ढवळता येतो, ढेप बसली की नाही. आठवण अशी घट्ट होण्याला दृढीकरण म्हणतात.

पण वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी विचारील, उंदीर विसरले कशावरून? पळाल्यावर झटका बसतो म्हणून त्यांनी पळणेच सोडले असेल! शंका रास्त आहे. डंकन यांनी काही उंदरांना डोक्याऐवजी मागच्या पायांना झटका देऊन पाहिले. तेवढा परिणाम झाला नाही. तरी खरे उत्तर १९६१ मध्ये मॅडसन आणि मॅकगॉ यांच्या उलट्या रचनेने दिले, असे आम्हाला वाटते. उंदराला उंच पाटावर ठेवायचे. खाली उतरला की पायांना चटका आणि लगेच डोक्याला झटका. झटक्याची भीती बसली असती, तर दुसऱ्या दिवशी तो पाट सोडताच ना. पण यातले बरेच उंदीर खुशाल खाली उतरले! ही भीती नव्हे, विस्मरणच.

यावरून तास संपल्यावर मुलांना खेळायला सोडू नये, असे मात्र कोणी ठरवू नये. खेळ म्हणजे आकडी नव्हे. मनोरुग्णांना उपचार म्हणून झटके देतात तेव्हाही त्या सुमाराच्या आठवणी पुसट होतात. तो उपचार भूल दिल्याविना करण्यास २०१७ च्या कायद्याने आपल्याकडे बंदी आहे.

ढेपेची गोष्ट मात्र इथे संपत नाही. १९६८ साली मिसॅनिन, मिलर आणि लुइस यांनी आदल्या दिवशी पक्की झालेली भीती उंदरांना पुन्हा आठवून दिली आणि लगेच झटका दिला. ती आठवणही बिघडली. आठवून न देता झटका दिलेल्यांची शाबूत राहिली. म्हणजे आठवताना ढेप पुन्हा पातळ होते की काय?