एक मिनिट, सातशे वीस चित्रे

कलामहाविद्यालयातल्या मुलांकडून एक मिनिटाचा अ‍ॅनिमेशनपट करून घ्यायचा, तर मार्गदर्शकाने पहिल्याच तासाला फळ्यावर हिशेब मांडावा. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम सरकतात. मिनिटाच्या झाल्या १,४४०. बहुतेक हालचालींत एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवले तरी चालते, म्हणजे चित्रे ७२०. चौघांच्या गटात माणशी १८०. चित्राला दहा मिनिटे धरली तरी प्रत्येकाला तीस तास लागतात. हा आकडा पाहिला की अख्खे महाभारत काढायला निघालेला गट एका प्रसंगावर येतो.

लातूरच्या मुलांना विषय लांब शोधायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. पण ‘पाणीटंचाई’ हा विषय झाला, गोष्ट नव्हे. मुलगी रिकामी घागर घेऊन रांगेत येते, भरलेली उचलून निघते, ही गोष्ट.

तिचा स्टोरीबोर्ड करायचा: प्रत्येक दृश्याची एकेक छोटी चौकट. मग चौकटींचे फोटो ओळीने लावून, टँकरचा आणि भांड्यांचा आवाज जोडून, नेमका एक मिनिटाचा कच्चा पट बांधायचा. त्याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. मार्गदर्शकाने सर्वांत कठोर इथेच व्हावे. आज चौकट गाळली तर पाच मिनिटांचे काम जाते, रंगवल्यावर गाळली तर आठवड्याचे.

पुढे खरी परीक्षा. पंधरा लिटरची घागर भरली की नुसते पाणीच पंधरा किलो. हे वजन छायांकनाने दिसत नाही, चित्रांमधल्या अंतराने दिसते. रिकामी घागर सहा चित्रांत, म्हणजे अर्ध्या सेकंदात कमरेवर येते. भरलेलीला अठरा द्यावीत: आधी गुडघे वाकतात, बोटे काठाभोवती आवळतात, तीन-चार चित्रे घागर जागची जेमतेम हलते, मग वर येते आणि अंग उलट बाजूला झुकते. आधी मुख्य अवस्था काढायच्या, मधली चित्रे नंतर भरायची.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांपासून मुलांना एकच चित्र देखणे पूर्ण करायची सवय असते. इथे कच्च्या रेषेतच थांबावे लागते. चूक दिसली तरी सरांनी पेन्सिल हाती घेऊ नये. भरलेली बादली उचलायला लावावी आणि कशाला किती वेळ लागला ते मोजायला सांगावे. करता करता शिकण्याचे उदाहरण आपल्याकडेच आहे: ‘बाम्बी’वर काम केलेले डिस्नेचे क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये अ‍ॅनिमेशन शिकवायला आले. राम मोहन यांच्यासारखे तरुण त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि १९५७ मध्ये ‘द बनियन डियर’ हा लघुपट झाला. शिकवणी आणि निर्मिती तिथे हातात हात घालून चालली.

हालचाल तपासण्याच्या रोजच्या चाचणीला महागडी यंत्रे लागत नाहीत. कागदांना एकसारखी भोके पाडून ते खुंट्यांवर बसवावेत, म्हणजे चित्र जागचे सरकत नाही. चित्रे टिपायला फोन कागदाच्या वर पक्का बांधावा, खिडकी झाकून दिव्याखाली काम करावे, फोकस आणि उजेडाची मात्रा कायम ठेवावी. नाहीतर चित्र लुकलुकते. रंग या चाचण्यांनंतरच.

तारीख जवळ आली की काहीतरी कापावे लागतेच. पार्श्वभूमी साधी करा, रांगेतली माणसे स्थिर ठेवा, रंग दोनच वापरा. घागर उचलण्याच्या त्या अठरा चित्रांतले मात्र एकही कमी करू नका.