एक प्रेत अधिक

ऐतिहासिक रहस्यकथा लिहिणाऱ्यास बीज कोठें सांपडतें? एडिथ पार्जेटर या इंग्रज लेखिकेस तें घराजवळच सांपडलें. १९१३ सालीं श्रॉपशायर परगण्यांत त्या जन्मल्या. तरुणपणीं तेथेंच औषधांच्या दुकानांत त्यांनीं नोकरी केली. पुढें ‘एलिस पीटर्स’ या टोपणनांवानें लिहितांना, त्याच परगण्यांतील श्रूजबरीच्या मठांत त्यांनीं ब्रदर कॅडफेल आणून बसविला. हा वनौषधींचा जाणता मठवासी पूर्वायुष्यांत धर्मयुद्धांत लढलेला आहे. पहिली कादंबरी १९७७ सालची. बाईंनीं तेव्हां साठी ओलांडली होती. पेन्शन घेऊन स्वस्थ बसलेल्या आम्हां मास्तर मंडळींस हें जरा टोंचतेंच! १९९५ सालीं निधन होण्यापूर्वीं या मालेंत २० कादंबऱ्या झाल्या.

त्यांतील दुसरीच घ्या. राजा स्टीफन व त्याची मामेबहीण मॉड यांच्यांत गादीचा तंटा चालला होता. ११३८ सालीं स्टीफननें श्रूजबरीचा किल्ला घेऊन शिबंदीच्या नव्वदांहून अधिक लोकांस ठार करविलें. एवढा इतिहास. कादंबरींत ९४ जणांस फांशीं दिलेलें असतें. त्यांचीं प्रेतें दफनासाठीं सिद्ध करण्यास कॅडफेल जातो, मोजतो, तों तीं ९५ भरतात! राजाज्ञेच्या आडोशानें कोणी आपला खून त्या राशींत लपविलेला असतो. एवढ्या प्रेतांत एकाची काय कथा, असें कोणीहि म्हणेल. कॅडफेल म्हणत नाहीं. तो त्या एकाचें नांव शोधतो, मारेकरी शोधतो.

उरलेल्या ९४ जणांचा झाडा मात्र कोणी मागत नाहीं. त्यांस मारविणारा राजा होता.