लागुना माद्रेचे चाळीस हिवाळे

टेक्ससच्या दक्षिण किनाऱ्यावर पाद्रे बेटाच्या आड लागुना माद्रे नावाची लांबलचक खारी खाडी पसरली आहे. तिची सरासरी खोली जेमतेम एक मीटर. पाऊस कमी, ऊन कडक, समुद्राकडे उघडणारी मुखे मोजकीच. त्यामुळे इथले पाणी कित्येकदा समुद्राहूनही खारट होते. तळाशी समुद्री गवताची कुरणे आणि त्या कुरणांत ट्राउट, रेडफिश, ब्लॅक ड्रम. गळाने मासे पकडणाऱ्यांचे हे मोठे वैभव. पण ज्या उथळपणामुळे हे वैभव आहे, तोच हिवाळ्यात माशांच्या जिवावर उठतो. गेल्या चाळीस वर्षांत या खाडीने माणसांना काय शिकवले, ते पाहण्यासारखे आहे.

हिवाळ्यात इथे हवा एका दिवसात पालटते. आधी दक्षिणेचा दमट, उबदार वारा वाहतो, हवेचा दाब उतरू लागतो आणि मासे आधाशासारखे खातात. मग उत्तरेचा वारा, ज्याला तिथे ‘नॉर्दर’ म्हणतात, काही तासांत पारा खाली ओढतो आणि उथळ फ्लॅट्सवरचे पाणी रेटून नेतो. मासे खोल चॅनलचा आसरा घेतात. दोन-तीन दिवसांनी वारा पडला, ऊन आले, की गवताच्या कडेचा काळपट चिखल तापतो आणि दुपार कलताना ट्राउट पुन्हा वर येतात. जाणकार त्या वेळी कमरेएवढ्या पाण्यात उतरतात आणि आमिष अगदी सावकाश ओढतात, कारण गारठलेला मासा पाठलाग करत नाही. ह्यूस्टनच्या पॉल ब्राऊन यांचे हळू बुडणारे ‘कॉर्की’ हे आमिष अशाच मासेमारीमुळे नावारूपाला आले. फेब्रुवारी १९९६मध्ये याच खाडीला जोडलेल्या बॅफिन बेमध्ये जिम वॉलेस यांनी सहा किलोंहून जड ट्राउट पकडून राज्याचा विक्रम केला. हिवाळ्याची ओढ लागते ती अशा माशांमुळे.

मात्र नॉर्दर रेंगाळला, तर गणित फिरते. एक मीटर पाण्याला ऊब धरून ठेवता येत नाही. पाणी साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की ट्राउट बधिर होऊ लागतो. पारा आणखी उतरला, की मरतो. घसरण जितकी झपाट्याची, तितका खोल पाणी गाठायला वेळ कमी.

डिसेंबर १९८३मध्ये हेच घडले. टेक्ससच्या किनाऱ्यावर अंदाजे १ कोटी ४४ लाख मासे मेले. ही वेळ फार वाईट होती. सत्तरच्या दशकातल्या बेसुमार मासेमारीने रेडफिश आधीच घटले होते. त्यांच्यासाठी १९७७मध्ये ह्यूस्टनमध्ये गळवाल्यांची संघटना उभी राहिली आणि १९८१मध्ये राज्याने रेडफिश व ट्राउटची व्यापारी मासेमारी थांबवली. सावरण्याची सुरुवात होते न होते, तोच थंडीचा घाला आला. पुढे १९८९ साल तर दोनदा कोसळले: फेब्रुवारीत सुमारे १ कोटी १३ लाख मासे गेले, डिसेंबरमध्ये आणखी ६२ लाख.

त्या दुसऱ्या गारठ्याचे परिणाम पाण्यात बराच काळ राहिले. त्याच हिवाळ्यात बॅफिन बे आणि लागुना माद्रेच्या वरच्या भागात एका सूक्ष्म शैवालाने पाणी तपकिरी केले. कुजणाऱ्या माशांतून सुटलेल्या अमोनियमने त्याला खतपाणी मिळाले, आणि ही ‘तपकिरी भरती’ सात वर्षांहून अधिक काळ टिकली. गढूळ पाण्यातून तळापर्यंत प्रकाश पोहोचेना, गवताची कुरणे विरळ झाली. मेलेले मासे मोजून नुकसान संपत नाही, हे या काळाने दाखवून दिले.

दुसरा धडा जिवंत राहिलेल्या माशांचा होता. कडाक्यात सारे मासे मोजक्या खोल जागी गर्दी करतात आणि तिथे गळ टाकणाऱ्याला ते सहज मिळतात. पण पुढच्या पिढ्या जन्माला येणार त्या याच माशांच्या पोटी. म्हणून अशा आसऱ्यांत मासेमारी तात्पुरती बंद करण्याचा अधिकार राज्याच्या वन्यजीव खात्याकडे आला आणि अलीकडच्या हिवाळ्यांत तो वापरलाही गेला. खाडीतून जाणाऱ्या जलमार्गावरच्या बार्जचालकांनीही कडाक्यात वाहतूक स्वेच्छेने थांबवली आहे, कारण बार्जच्या लाटांनी गारठलेले मासे खोल पाण्यातून बाहेर फेकले जातात.

फेब्रुवारी २०२१च्या हिमवादळात टेक्ससची वीज गेली, तशीच खाडीही गोठल्यासारखी झाली. किमान ३८ लाख मासे मेले. त्यांत सुमारे १ लाख ६० हजार ट्राउट होते आणि त्यांपैकी १ लाख ४ हजार एकट्या खालच्या लागुना माद्रेत. आकडा १९८३पेक्षा बराच लहान, पण ट्राउटसाठी मोठा. या वेळी उत्तर लवकर आले. त्याच वर्षी १ एप्रिलपासून लागुना माद्रेत माणशी पाचऐवजी तीनच ट्राउट, तेही १७ ते २३ इंचांमधले, असा तातडीचा नियम लागू झाला. २०२४मध्ये संपूर्ण राज्यात तीन माशांची मर्यादा आली आणि घरी न्यायच्या माशाची लांबी १५ ते २० इंचांवर आणली गेली. मोठ्या माद्या खूप अंडी घालतात, त्यांना पाण्यातच ठेवावे, हा त्यामागचा विचार.

मला या चाळीस हिवाळ्यांत सर्वांत मोलाची वाटते ती गळवाल्यांच्या नजरेत पडलेली भर. वारा कधी फिरणार, मासा कुठे दडणार, चिखल कधी तापणार, हे जाणणे म्हणजे कौशल्य, असे पूर्वी मानले जाई. आता याच ज्ञानातून हेही कळते, की कोणत्या दिवशी गळ घरीच ठेवायचा. गारठ्यात मासा कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याचाच हात त्या माशाला वाचवू शकतो. थंडीची लाट थोपवणे कुणाच्याच हाती नाही. त्या लाटेतून वाचलेल्या माशाला पुढचा वसंत पाहू देणे मात्र प्रत्येक गळवाल्याच्या हाती आहे, आणि त्याने ते करायलाच हवे.