विश्लेषण : अवजारांच्या व्हिडीओसाठी कोणता मिनी ट्रॅक्टर? एचपीच्या आकड्यापलीकडे काय पाहावे?

चाळीस सेकंदांचे रील. ट्रॅक्टर एका दमात वावर पार करतो, मागे रोटाव्हेटर फिरतो आणि पिठासारखी भुसभुशीत माती पडत जाते. खाली प्रतिक्रियांमध्ये ठरलेला प्रश्न असतो, ‘दादा, माझा २० एचपी आहे, चालेल का?’ उत्तरही ठरलेले, ‘आरामात’. व्हिडीओतला ट्रॅक्टर मात्र ५० एचपीचा असतो. प्रश्न विचारणारा शेतकरी त्या एका शब्दावर अवजार घरी आणतो आणि पहिल्याच तासात मिनी ट्रॅक्टरचे इंजिन दम टाकते.

पूर्वी अवजाराचे प्रात्यक्षिक पाहायचे तर मोशीचे ‘किसान’ किंवा बारामतीचे ‘कृषिक’ गाठावे लागे. आता पहिली ओळख मोबाइलवरच होते. त्यामुळे अवजारांचे छोटे उत्पादक, विक्रेते आणि शेतीचे यूट्यूब चॅनल चालवणारे तरुण केवळ चित्रीकरणासाठी स्वतःचा लहान ट्रॅक्टर घेण्याच्या विचारात असतात. तो निवडताना नेहमीचे निकष पुरत नाहीत. असा ट्रॅक्टर दिवसातून चार वेळा अवजार बदलतो, एकच फेरी दहा वेळा मारतो आणि प्रत्येक वेळी कॅमेऱ्यासमोर असतो.

किती एचपीचा घ्यावा?

बोलीभाषेत ३० एचपीच्या आतला ट्रॅक्टर ‘मिनी’. व्हीएसटी शक्ती एमटी १८० डी, महिंद्रा जिवो २४५ डीआय, कुबोटा निओस्टार बी२४४१ ही यातली परिचित नावे. १५ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनमध्ये महिंद्राने ‘ओजा’ मालिका सादर केली, तिच्यातले २१ ते ३० एचपीचे मॉडेलही याच गटातले. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागा, डाळिंब आणि उसातली आंतरमशागत ही त्यांची मुख्य जागा.

चित्रीकरणासाठी सर्वांत मोठा मिनी घेण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. प्रेक्षकांकडे जो ट्रॅक्टर आहे, त्याच्या जवळपासचाच व्हिडीओत हवा. बागायतदार प्रेक्षक असेल तर १८ ते २५ एचपी पुरेसे. यात एक बारीक गोष्ट हमखास सुटते. बॉनेटवरचा आकडा इंजिनचा असतो. अवजाराला मिळते ती पीटीओची शक्ती, म्हणजे मागच्या फिरत्या शाफ्टवर पोहोचणारी, आणि ती साधारण १० ते १५ टक्क्यांनी कमी असते. व्हिडीओत ‘एवढ्या एचपीवर चालले’ असे सांगायचे तर पीटीओचा आकडा सांगणे अधिक प्रामाणिक.

तो कुठे मिळेल? विक्रेत्याच्या पत्रकात मिळतोच असे नाही. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात पीटीओवरची शक्ती, लिफ्टची क्षमता, वळण्याची त्रिज्या आणि आवाजाची पातळीही नोंदलेली असते. रंगीत पत्रकापेक्षा हा रुक्ष अहवाल कितीतरी उपयोगी.

पिन बसली नाही तर?

चित्रीकरणाचा निम्मा दिवस खातो तो अवजार जोडण्याचा प्रकार. ट्रॅक्टरच्या मागच्या तीन जोडांचे, म्हणजे दोन लोअर लिंक आणि एका टॉप लिंकचे, प्रमाणित गट असतात. कॅटेगरी १ मध्ये खालच्या पिनची जाडी २२ मिमी आणि वरच्या पिनची १९ मिमी. मोठ्या ट्रॅक्टरच्या कॅटेगरी २ मध्ये तीच २८ आणि सुमारे २५ मिमी होते. लहान ट्रॅक्टरमध्ये आणखी एक अरुंद प्रकार येतो, ‘१ एन’. त्याच्या दोन लोअर लिंकमधले प्रमाणित अंतर ४०० मिमी, तर साध्या कॅटेगरी १ मध्ये ६८३ मिमी.

म्हणजे आज एका कारखान्याचा कल्टिव्हेटर आणि उद्या दुसऱ्याचा पेरणी यंत्राचा व्हिडीओ करायचा, तर पिना जुळतीलच असे नाही. ज्याला अनेक उत्पादकांची अवजारे दाखवायची आहेत त्याने कॅटेगरी १ चा ट्रॅक्टर पाहावा. लोअर लिंकचे टोक बाहेर सरकणारे असेल तर एकटा माणूसही अवजार जोडू शकतो. बुश आणि जादा पिनांचा डबा गाडीत कायम असू द्यावा, कारण तालुक्याच्या ठिकाणी रविवारी २२ मिमीची पिन शोधणे हा वेगळाच व्हिडीओ होईल.

७५० किलोची लिफ्ट म्हणजे नेमके काय?

या गटातल्या काही ट्रॅक्टरच्या पत्रकात ‘लिफ्ट क्षमता ७५० किलो’ असे दिसते. हा आकडा बहुधा लोअर लिंकच्या टोकाशी मोजलेला असतो. प्रत्यक्षात अवजाराचे वजन त्या टोकाच्या बरेच मागे असते. म्हणून चाचणीत टोकापासून ६१० मिमी मागेही क्षमता मोजतात आणि तिथे ती कमी भरते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न पुढच्या चाकांचा. समजा, ट्रॅक्टर ७०० किलोचा आहे आणि त्यातले ४० टक्के, म्हणजे २८० किलो, पुढच्या चाकांवर आहेत. दोन आसांमधले अंतर दीड मीटर. २५० किलोचे अवजार उचलले आणि त्याचा भार मागच्या आसापासून १.२ मीटरवर आला, तर पुढच्या चाकांवरचे २०० किलो वजन कमी होते. उरतात ८० किलो. लिफ्टने अवजार सहज उचलले, पण स्टिअरिंग हलके झाले आणि बांधावर चढताना पुढची चाके हवेत गेली. कॅमेऱ्यात हे लगेच दिसते, आणि चालकाच्या जिवालाही धोका असतो. पुढे वजने लावण्याची सोय असलेला ट्रॅक्टर घ्यावा आणि ती वजने किमतीत धरली आहेत का, हे आधीच विचारावे.

एकच फेरी दहा वेळा

सामान्य शेतकरी तास संपेपर्यंत गिअर क्वचितच बदलतो. चित्रीकरणात मात्र पुढे, मागे, थांबा, पुन्हा असा खेळ चालतो. त्यामुळे क्लचचा प्रकार इथे कळीचा ठरतो. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला की पीटीओही थांबतो. अवजार फिरते ठेवून चालता ट्रॅक्टर थांबवायचा किंवा अवजार न थांबवता गिअर बदलायचा, तर ड्युअल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ हवा. पुढे-मागे जाण्यासाठी शटल लिव्हर असेल तर चालकाचे कष्ट वाचतात. ‘ओजा’सारख्या नव्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओ आपोआप चालू-बंद होण्याची आणि वळणावर अवजार आपोआप उचलले जाण्याची सोय आहे. चित्रीकरणाला ती फारच सोयीची. पण ज्याच्याकडे साधा ट्रॅक्टर आहे, त्याला ते वळण तितके सफाईदार जमणार नाही, हे व्हिडीओत एका वाक्यात सांगायला हवे.

सर्वांत खालचा गिअर किती हळू जातो, तेही पाहावे. रोटाव्हेटर साधारण ताशी २ ते ४ किलोमीटरने चालतो. ताशी अडीच किलोमीटरला २० सेकंदांत ट्रॅक्टर जेमतेम १४ मीटर जातो. कॅमेरा धरून शेजारी चालणाऱ्यालाही हा वेग झेपतो. त्यापेक्षा वेगाने गेले की माती कशी फुटते ते दिसत नाही, धूळ तेवढी दिसते.

पाती उलटी फिरताना का दिसतात?

रोटाव्हेटरची पाती उलटी फिरतायत किंवा जागच्या जागी थांबली आहेत, असे काही व्हिडीओंत दिसते. दोष यंत्रात नसतो. एका चकतीवर समान अंतरावर ६ पाती आहेत आणि रोटर मिनिटाला २५० फेरे घेतो, असे धरू. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम टिपत असेल, तर दोन फ्रेमच्या मधल्या वेळात चकती बरोबर ६० अंश फिरते. म्हणजे प्रत्येक पाते पुढच्या पात्याच्या जागी जाते आणि डोळ्याला ती थांबलेली वाटतात. ३० फ्रेमला हे फिरणे ५० अंशांचे होते आणि पाती हळूहळू मागे सरकल्यासारखी दिसतात. ६० फ्रेमला ते २५ अंशांवर येते आणि दिशा सरळ दिसते. त्यामुळे फिरत्या भागांसाठी फोन ६० फ्रेमवर ठेवावा.

कंपनांचा मुद्दा ट्रॅक्टरनिवडीशी थेट जोडलेला आहे. १५ एचपीच्या आसपास एक सिलिंडरची इंजिने मिळतात. स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी, पण धक्धक् जास्त. तीन सिलिंडरचे इंजिन त्या मानाने शांत चालते. फोन थेट मडगार्डला किंवा चालकामागच्या संरक्षक कमानीला बांधण्याची पद्धत सर्रास आहे. मोटरसायकलच्या जोरदार इंजिनांच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्येच दिला होता. डिझेल ट्रॅक्टरवर तर अधिकच जपायला हवे. फोन बांधावर तिवईला लावावा आणि ट्रॅक्टरवर स्वस्तातला ॲक्शन कॅमेरा बसवावा.

आवाजाचेही तसेच. पीटीओ ५४० फेऱ्यांवर आणायला अनेक मिनी ट्रॅक्टरचे इंजिन अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास न्यावे लागते. त्या गोंगाटात माहिती सांगणे व्यर्थ. काही मॉडेलमध्ये कमी इंजिन वेगावर ५४० फेरे देणारा ‘इकॉनॉमी’ पर्याय असतो. हलक्या अवजारांना तो चालतो, आवाज आणि डिझेल दोन्ही वाचते. मात्र काही ट्रॅक्टरमध्ये पीटीओचा दुसरा, ५४० पेक्षा वेगाचा गिअरही असतो. त्यावर ब्लोअर चालवून फवारा दाखवला तर तो जास्तच जोमदार दिसणार. प्रात्यक्षिक कोणत्या पीटीओ वेगावर झाले, हे सांगितले नाही तर तुलना फसवी ठरते.

वाफसा लपवला जातो तो असा

व्हिडीओतली सर्वांत मोठी हातचलाखी ट्रॅक्टरमध्ये नसून जमिनीत असते. वाफशावर आलेल्या, आधी एकदा कल्टिव्हेटर मारलेल्या हलक्या रानात १८ एचपीचा ट्रॅक्टरही रुबाबात चालतो. तोच मार्चमधल्या भेगाळलेल्या काळ्या रानात घातला की ढेकळांवरून उड्या मारतो. म्हणून प्रात्यक्षिकाच्या व्हिडीओत चार गोष्टी दिसायला हव्यात : आधीची जमीन, मातीत खोवलेली पट्टी किंवा स्टील टेप, काम चालू असताना इंजिनच्या फेऱ्यांचा काटा आणि शेवटी टाकी पुन्हा भरताना लागलेले डिझेल. फेऱ्यांचा काटा आणि तासांचे मीटर ठळक, उन्हातही वाचता येईल असे आहे का, ही विचित्र वाटणारी अट या खरेदीत म्हणूनच महत्त्वाची. इंजिन दबले की काटा खाली येतो. ते दाखवणारा व्हिडीओ विकणाऱ्याला आवडणार नाही, पाहणाऱ्याच्या मात्र कामाचा असतो.

कव्हर काढून चित्रीकरण?

फिरता शाफ्ट नीट दिसावा म्हणून पीटीओचे प्लास्टिक कव्हर काढले जाते. ५४० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला ९ फेरे. सात सेंटिमीटर व्यासाचा शाफ्ट सेकंदाला जवळपास दोन मीटर कापड गुंडाळतो. उपरणे, ओढणी, कॉलर माइकची वायर, काहीही पुरते. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. जुना ट्रॅक्टर घेताना हे कव्हर आणि मागची ढाल जागेवर आहे का, ते पाहावे. शाफ्टचा खुला भाग दाखवायचाच असेल तर इंजिन बंद करून, चावी काढून दाखवावा.

पैसे घेतले तर सांगावे लागते का?

होय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील जाहिरातदारांसाठी वेगळ्या सूचना आल्या. उत्पादकाकडून पैसे, सवलत किंवा फुकट वस्तू मिळाली असेल तर ते व्हिडीओतच, ज्या भाषेत व्हिडीओ आहे त्याच भाषेत सांगणे अपेक्षित आहे. फसव्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. वापरायला मिळालेला ट्रॅक्टरही ‘फायदा’ ठरू शकतो. शिवाय बॉनेटचा रंग प्रत्येक फ्रेममध्ये असतो. लाल, निळा की केशरी, प्रेक्षक कंपनी ओळखतोच आणि अवजाराच्या व्हिडीओतून ट्रॅक्टरचीही जाहिरात होत राहते.

नवा, जुना की भाड्याचा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. करापूर्वी ५ लाख किमतीच्या ट्रॅक्टरवर त्यामुळे ३५ हजार रुपये वाचतात. इतक्यात पुढची वजने आणि एखादे लहान अवजार येऊ शकते. तरीही महिन्याला दोनच व्हिडीओ होणार असतील, तर गावातला ट्रॅक्टर तासावर भाड्याने घेणे परवडते. त्यात एक फायदाही आहे. आज १८ एचपी, उद्या २४ एचपी आणि परवा १० वर्षे वापरलेला, असे वेगवेगळे ट्रॅक्टर एकाच अवजारावर दाखवता येतात.

खरेदी ठरलीच, तर शोरूमच्या आवारातल्या फेरीवर समाधान मानू नये. आपले सर्वांत जड अवजार, टेप आणि फोन घेऊन जावे आणि विक्रेत्याला जवळच्या वावरात अर्धा तास मागावा. अवजार जोडायला किती मिनिटे लागली, उचलल्यावर पुढची चाके टेकलेली राहिली का, आणि दहा पावलांवरून बोललेले माइकमध्ये कळते का, हे त्या अर्ध्या तासाच्या चित्रीकरणात दिसते. ते घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहावे आणि मगच बयाणा द्यावा.