हौसेचे तळे आणि खालचे गाव

तळे बांधणे हे आपल्याकडे पुण्याचे काम. विहीर खणावी, तळे बांधावे, झाडे लावावीत आणि गावाने दोन-चार पिढ्या नाव घ्यावे, एवढीच त्यामागची अपेक्षा. काळ बदलला तसा तळ्यामागचा हेतूही बदलला. आता तळे पुण्यासाठी नव्हे, हौसेसाठी बांधले जाते. आमच्या खाप्याच्या आसपास, कन्हान नदीला मिळणाऱ्या एखाद्या नाल्यावर मुरमाची पाळ टाकलेली दिसते. मागे पाणी साठते, त्यात बदके येतात, कडेला झोपाळा लागतो, मुलांसाठी लहानशी नाव येते. रविवारी नागपूरची मंडळी गाड्या भरून येतात, गळ टाकून बसतात, संध्याकाळी चुलीवरचे जेवण करून परततात. यात वाईट काय? काहीच नाही. उलट पाणी अडते, आजूबाजूच्या विहिरींना आधार मिळतो.

प्रश्न पाळीचा आहे, आणि पाळीखाली कोण राहते याचा आहे.

गेल्या पावसाळ्यात अशा एका तळ्यावर जाण्याचा योग आला. मालक नागपूरला. राखणदार बाबाजी साठीच्या पुढचे. पाळीवर दोन बाभळी चांगल्या मनगटाएवढ्या झालेल्या. सांडव्याच्या तोंडाला जाळी बसवलेली, आणि तिला पालापाचोळा लागून निम्मी वाट बुजलेली. मी विचारले, "बाबाजी, ही जाळी कशाला?" ते म्हणाले, "मासे वाहून जातात ना जी! शेठनं महागाचं बी सोडलं आहे." पाळीच्या पायथ्याशी चिखल होता. त्याबद्दल विचारले, तर म्हणाले, "ते पाझरतेच जी दर पावसाळ्यात. काही होत नाही." खाली दोनशे पावलांवर नाल्याच्या काठाने सात-आठ घरे होती. एका अंगणात लहान मूल खेळत होते.

आता थोडा हिशेब करू. पाच एकरांचे तळे, सरासरी अडीच मीटर खोल. त्यात सुमारे पन्नास हजार घनमीटर, म्हणजे पाच कोटी लिटर पाणी मावते. वजन पन्नास हजार टन. हे सारे एका मातीच्या ढिगाच्या भरवशावर उभे असते. वरच्या बाजूचे पाणलोट क्षेत्र एक चौरस किलोमीटर धरले आणि तासात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या एका तासात जमिनीवर पडणारे पाणीही पन्नास हजार घनमीटरच भरते. त्यातले निम्मे जरी वाहून आले, तरी दर सेकंदाला सात घनमीटर पाणी बाहेर जायला वाट हवी. हौशी मालकाने टाकलेला फूटभर व्यासाचा सिमेंटचा पाइप त्याचा विसावा हिस्सादेखील नेऊ शकत नाही. उरलेले पाणी मग स्वतःची वाट शोधते, आणि ती वाट पाळीवरून जाते.

दगडी भिंतीवरून पाणी गेले तर ती काही काळ टिकते. मातीची पाळ टिकत नाही. वरून वाहणारे पाणी आधी खालच्या उतारावरची माती खरडते, मग घळ पडते, आणि घळ रुंद व्हायला फार वेळ लागत नाही. दुसरा धोका आतून येतो. खेकड्याचे बीळ, उंदराची घूस, कुजलेल्या मुळाची पोकळी किंवा पाइपाच्या कडेने नीट न ठोकलेली माती यांतून पाण्याचा बारीक धागा सुटतो. झिरपणारे पाणी नितळ असेल तर नजर ठेवावी. गढूळ येऊ लागले की समजावे, पाळीच्या पोटातली माती वाहून चालली आहे.

हे शास्त्र आपल्याला परके नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी ते बांधले. हेही एका अर्थी खाजगी मालकीचे मातीचे बांधच होते. पण पाळ, पाणी सोडण्याचे तुडुम आणि जादा पाणी काढून देणारी सलंग या तिन्हींची निगा हे तिथे गावाचे काम असे. ज्याचे धान तलावावर पिकायचे, तो पाळीवर माती टाकायला यायचा. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि निगेची ती जुनी साखळी तुटली. आजच्या हौसेच्या तळ्याला मालक आहे, पण गाव नाही. खालच्या घरांचा त्या पाण्याशी संबंध एकच, ते आले तर.

हौसेच्या तळ्याची जगातली सर्वांत भयंकर कथा अमेरिकेतली आहे. पेनसिल्व्हेनियातील साउथ फोर्क येथे कालव्यासाठी बांधलेले एक जुने मातीचे धरण होते. 1879 मध्ये ते धनिकांच्या मासेमारी आणि शिकार क्लबाच्या हाती आले. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी त्याचा सभासद होता. धरणाच्या तळातले पाणी सोडण्याचे लोखंडी नळ आधीच्याच मालकाने काढून विकले होते. क्लबाने ते पुन्हा बसवले नाहीत. घोडागाड्या जाव्यात म्हणून पाळीचा माथा खाली केला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. खालच्या जॉन्सटाउनमधील पोलाद कारखान्याच्या माणसाने पाहणी करून धोका कळवला होता. त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. 31 मे 1889 रोजी मुसळधार पावसात पाणी पाळीवरून गेले, धरण फुटले आणि 2209 माणसे मेली. क्लबाकडून न्यायालयात कोणाला दमडीही मिळाली नाही. ही हकिगत वाचल्यापासून मला बाबाजींची ती जाळी विसरता येत नाही.

आपल्याकडच्या आठवणीही कमी नाहीत. 12 जुलै 1961 ला पानशेतचे अर्धवट मातीचे धरण फुटले आणि पुणे वाहून गेले. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून एक वाडीच पुसली गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले. खेकडे बिळे करतातच. म्हणून तर पाहणी करायची असते. नागपूरचा अंबाझरी तलाव 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे ओसंडला. पाळ फुटली नाही, तरीही खालच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले, माणसे दगावली, आणि सांडव्यासमोरच्या बांधकामाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. सांडव्याची वाट मोकळी असणे किती मोलाचे, हे शहराला एका रात्रीत कळले.

कायदा काय म्हणतो? संसदेने 2021 मध्ये धरण सुरक्षा कायदा केला. तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांना काही अटींवर. चार-पाच मीटरची हौशी पाळ त्याच्या जाळ्यातून अलगद सुटते. पूर सुरक्षेचे नियम उंची मोजतात, खालची घरे मोजत नाहीत. नुकसानभरपाईची वाटही सरळ नाही. आजच्या आंध्रातील कारवेटीनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचे नुकसान झाले, तेव्हा 1874 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्याला दोषमुक्त केले. कारण असे की हे तलाव देशाच्या शेतीला आवश्यक आहेत, ते राखणे जमीनदाराचे कर्तव्यच आहे आणि हयगय सिद्ध झाली नाही. मला वाटते, बदकांसाठी आणि नावेसाठी बांधलेल्या तळ्याच्या मालकाने या निकालाचा आसरा घेऊ नये. रयतेच्या पोटासाठी साठवलेले पाणी वेगळे, आणि आपल्या रविवारसाठी साठवलेले वेगळे.

मग तळी बुजवायची का? मुळीच नाही. नीट बांधायची. पाळीच्या पोटात चिकणमाती, बाहेर मुरूम, वीतभर जाडीच्या थरांनी पाणी मारून ठोकलेला. पाण्याच्या पातळीपेक्षा माथा पुरेसा उंच. सांडवा पाळीवरून नव्हे, बाजूच्या कठीण जमिनीतून, आणि त्याच्या तोंडाशी जाळी नाही. पाळीवर गवत चालेल, झाड नको. आणीबाणीत तळे रिकामे करता येईल अशी झडप हवी आणि ती दर मृगापूर्वी फिरवून पाहायला हवी. मुख्य म्हणजे, पाण्याची रास अंगावर येण्यापूर्वी खालच्या घरांना सांगणारा माणूस ठरलेला हवा.

वेळेवर सांगितले तर काय होते, त्याचे उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. ऑगस्ट 2022 मध्ये धार जिल्ह्यातील कारम नदीवरच्या नव्या मातीच्या धरणाला गळती लागली. धरणाच्या बांधणीबद्दल जे बोलायचे ते लोक बोललेच. पण खालची गावे रिकामी केली गेली, बाजूने चर खणून पाणी काढून दिले, आणि माणूस एकही गेला नाही.

खाप्यासारख्या गावात ग्रामपंचायत, नगर परिषद, तलाठी, पाटबंधारे खात्याचा शाखा अभियंता सारे हाताशी आहेत. मेअखेरीस एक दिवस काढून परिसरातल्या खाजगी तळ्यांची यादी करायला आणि पाळी पायी फिरून पाहायला पैसा लागत नाही. मालकांनीही एवढे करावे: आपल्या पाहुण्यांना तळे दाखवण्याआधी स्वतः एकदा पाळ उतरून पलीकडे जावे, नाल्याने चालत पहिल्या घरापर्यंत पोचावे आणि तिथे पाणी मागून प्यावे. ज्या घरचे पाणी आपण प्यालो, त्या घरावर आपले पाणी जाऊ नये, एवढे तरी माणसाला त्यानंतर वाटेलच.